पत्राचे उत्तर आणि चावडीचे उत्तर

चांगदेवाच्या कोऱ्या पत्राची कथा महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाची आहे. चौदाशे वर्षे जगलेला हा योगी ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून त्यांना पत्र लिहावयास बसतो आणि मायन्यापाशीच अडतो. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा तर ज्ञानाने तो मोठा. नमस्कार लिहावा तर स्वतःचे वय आड येते. अखेरीस तो कोरा कागदच पाठवून देतो, आणि निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेव त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहितात. ‘चांगदेव पासष्टी’ हे प्रकरण ते हेच. कथेतील अद्भुताचा अंश बाजूला ठेवला तरी विचारास प्रवृत्त करील असे काही तिच्यात उरते. मराठी तत्त्वचिंतनातील एक श्रेष्ठ प्रकरण मुळात पत्रोत्तर आहे. ते एका माणसाला उद्देशून, त्याचे नाव घेऊन लिहिलेले आहे. विचारणाऱ्याला धड विचारताही आले नव्हते, तरी उत्तर देणाऱ्याने त्याचे अडणे हाच प्रश्न मानला.

याच ज्ञानदेवांचा मोठा ग्रंथ मात्र पत्र नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवासे येथे तो श्रोत्यांच्या सभेपुढे सांगितला गेला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, असे परंपरा सांगते. तेथे वक्ता श्रोत्यांचे अवधान मागतो, त्यांची स्तुती करतो, लाडक्या लेकराप्रमाणे त्यांच्याशी सलगीही करतो. परंतु त्या श्रोत्यांपैकी कोणा एकाचे नाव घेऊन त्याच्या घरच्या अडचणीला उत्तर देत नाही. सभेत जो येऊन बसला तो श्रोता, जो आला नाही त्याला कोणी बोलावणे धाडीत नाही. एकाच ज्ञात्याने ज्ञान देण्याच्या या दोन्ही वाटा चोखाळल्या. एकीत उत्तर माणसाच्या दारी चालून जाते, दुसरीत माणूस उत्तरापाशी चालून येतो.

या दोहोंतील भेद सोयीचा समजला जातो, आणि सोयीच्या पातळीवर तो फारसा महत्त्वाचा नाहीही. अंतर, वेळ, कागद, खर्च यांचा हिशेब मांडला की तो मिटतो. पण अडलेल्या माणसाला साह्य करणाऱ्यांचा एखादा समुदाय जेव्हा उभा राहतो, मग तो रोगपीडितांचा असो, एखाद्या विद्येच्या अभ्यासकांचा असो वा परमुलखात जाऊन राहिलेल्यांचा असो, तेव्हा त्या समुदायाला पहिल्याच दिवशी एक निर्णय घ्यावा लागतो. एकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक सभासदाच्या घरी पोचवावयाचे, की एका ठिकाणी मांडून ठेवावयाचे आणि ज्याला गरज असेल त्याने तेथे यावयाचे? या निर्णयाच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला असतो. एखाद्याच्या अडचणीतून जे ज्ञान जन्माला येते त्यावर हक्क कोणाचा? ज्याने विश्वासाने तोंड उघडले त्याचा, की ज्याने अजून विचारलेलेच नाही, पण जो उद्या त्याच ठिकाणी अडणार आहे, त्या अनामिक तिसऱ्या माणसाचा?

पत्राचे बळ त्याच्या पत्त्यात असते. लिफाफ्यावर ज्याचे नाव आहे त्याला, पत्र मिळाले नाही असे सांगता येते. ते आपल्यासाठी नव्हते असे मात्र म्हणता येत नाही. उत्तर न देणे ही त्याची कृती ठरते, आणि तिचा जाब मागता येतो. चावडीवर विचारलेल्या प्रश्नाचे तसे नाही. तो सर्वांना विचारलेला असल्यामुळे कोणालाच विचारलेला नसतो. तेथे जमलेल्यांपैकी प्रत्येक जण दुसरा कोणी तरी सांगेल म्हणून गप्प राहू शकतो, आणि त्या गप्प राहण्याबद्दल कोणाचेही मन त्याला खात नाही.

याचे एक बोलके उदाहरण गणिताच्या इतिहासात सापडते. व्ही. रामस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये हिंदुस्थानातील गणितप्रेमींची एक संस्था मद्रासकडे निघाली. पुढे तीच इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी या नावाने प्रसिद्धीस आली. तिचे ग्रंथालय पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात, रँग्लर र. पु. परांजपे यांच्या देखरेखीखाली होते. देशभर विखुरलेल्या सभासदांकडे परदेशी नियतकालिके आणि ग्रंथ टपालाने पाठविले जात आणि एकाकडून दुसऱ्याकडे ते फिरत. ही झाली पत्राची पद्धत. तिच्यात प्रत्येकावर पुढच्या माणसाचे ऋण असते, कारण एकाने अंक अडवून ठेवला की त्याच्या मागचे सारे उपाशी. पुढे संस्थेने स्वतःचे नियतकालिक काढले. त्यात प्रश्न छापले जात आणि वाचकांनी उत्तरे पाठवावीत अशी अपेक्षा असे. ही चावडी झाली.

या चावडीवर १९११ मध्ये श्रीनिवास रामानुजन यांनी एक प्रश्न मांडला. वर्गमुळाच्या पोटात वर्गमूळ, त्याच्या पोटात आणखी एक, असे अनंतापर्यंत चालत जाणाऱ्या पदावलीची किंमत काढावयाची होती. सहा महिने लोटले, कोणाचेही उत्तर आले नाही. शेवटी प्रश्नकर्त्यानेच ते दिले: तीन. अंक ज्यांच्या हाती पडत होते ते अडाणी नव्हते, उदासीनही नव्हते. परंतु तो प्रश्न त्यांच्यापैकी कोणा एकाचा नव्हता. याच रामानुजन यांनी १६ जानेवारी १९१३ रोजी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातील आपण एक कारकून, अशी स्वतःची ओळख करून देऊन त्यांनी आपली सूत्रे सोबत जोडली. हार्डींनी ती लिटलवुड यांच्याबरोबर बसून तपासली आणि फेब्रुवारीत उत्तर धाडले. येथून पुढची हकीकत जगाला माहीत आहे. अर्थात पत्रांनाही नेहमीच असे भाग्य लाभते असे नाही. हार्डींच्या आधी केंब्रिजमधील इतरांकडेही रामानुजन यांनी लिहिले होते आणि तेथून काही निष्पन्न झाले नव्हते. पण हार्डी चावडीवरून जाणारा वाटसरू असता तर थांबला असता काय, हा प्रश्न उरतोच. त्याच्या नावाने आलेला लिफाफा त्याच्या टेबलावर होता, म्हणून तो बांधला गेला.

तरीही या कथेत चावडीचा पराभव पाहणे उतावीळपणाचे होईल. नियतकालिकात छापलेला तो प्रश्न आणि त्याचे उत्तर शंभराहून अधिक वर्षांनंतर आजही विद्यार्थ्याला सापडते, तो त्याच्याशी झुंजतो, आणि त्यासाठी त्याला कोणाची ओळख काढावी लागत नाही. हार्डींच्या दारी जाण्यासाठी मात्र रामानुजन असावे लागते. कृपा व्यक्तीवर होते, तिला मर्यादा असतात. ज्याच्यापाशी मोठ्याला पत्र लिहिण्याचे धाडस, भाषा आणि पत्ता नाही त्याने काय करावे, याचे उत्तर पत्रापाशी नसते.

येथे पत्राच्या खाजगीपणाविषयीचा एक गोड गैरसमजही दूर करावयास हवा. पत्रवाङ्मयावर लिहिणारे आपले बरेचसे समीक्षक पत्राला दोन हृदयांमधील एकांत मानतात. सुशिक्षितांच्या घरांपुरते ते खरे असेल. परंतु १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले तेव्हापासून या देशातील बहुसंख्य पत्रे उघडीच प्रवास करीत आली, आणि निरक्षर आईला मुंबईच्या गिरणीतून आलेले मुलाचे कार्ड शाळामास्तर किंवा पोस्टमन ओसरीवर वाचून दाखवीत असे. ऐकणारी एकटी क्वचितच असे. त्यामुळे कार्ड लिहिणाराही सर्वांनी ऐकावे असेच लिही, आणि खरे दुखणे ओळींच्या मध्ये कोठे तरी ठेवून देई. उलट बाजूने, पत्राचा केवळ वेष घेतलेले जाहीर भाषणही मराठीत जुनेच आहे. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये जी शतपत्रे लिहिली त्यांचा पत्ता कोणा एकाचा नव्हता. आपल्याच जातीच्या, आपल्याच वर्गाच्या लोकांना चारचौघांत खडसावण्यासाठी त्यांनी पत्राचा आप्तपणा उसना घेतला होता. पत्र आणि चावडी यांच्यामधील कुंपण इतके सच्छिद्र आहे.

चावडीविषयी बोलताना तर अधिकच सावध राहावयास हवे. सर्वांसाठी खुले असे स्थान, ही कल्पना ऐकावयास रम्य आहे. प्रत्यक्षात गावच्या चावडीवर कोण बसत असे? अस्पृश्य मानलेल्यांनी तेथे दूर, खाली उभे राहावयाचे, आणि तेही बोलावले तर. स्त्रियांनी त्या रस्त्याने जाताना पदर सावरून पावले उचलावयाची. ज्यांना साह्याची सर्वांत अधिक निकड होती त्यांनाच त्या खुल्या जागेत तोंड उघडता येत नव्हते. जागा खुली आहे एवढे म्हटल्याने ती कोणासाठी खुली आहे हे ठरत नाही. उघड्यावर विचारण्याची किंमत प्रत्येकाला सारखी मोजावी लागत नाही: प्रतिष्ठिताने अज्ञान कबूल केले तर तो त्याचा विनय ठरतो, दुबळ्याने कबूल केले तर ते त्याच्या दुबळेपणाचे प्रमाणपत्र होते. म्हणून ज्या समुदायाने आपले सारे व्यवहार चावडीवर आणले, त्याने गप्प राहणाऱ्यांची मोजदाद कधी केली आहे काय, असे त्याला विचारले पाहिजे.

चावडीला आणखी एका गोष्टीची गरज लागते, ती म्हणजे राखणदार. नेवाशाच्या सभेत सांगितलेला ग्रंथ पुढील तीनशे वर्षांत हातोहात फिरला. सर्वांचा झाल्यामुळेच त्यात पाठभेद शिरले, कोणी आपल्या ओव्या घुसडल्या, कोणी न समजलेले शब्द आपल्या समजुतीप्रमाणे बदलले. शके १५०६ मध्ये, इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी तो शुद्ध केला आणि यात कोणी आपली ओवी मिसळू नये असे बजावून ठेवले. नाथांच्या या कामाकडे पाठचिकित्सेचा आरंभ म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्याला एक नैतिक अंगही आहे. जे सर्वांचे आहे त्याची झाडलोट कोणी तरी एकाने पत्करावी लागते. त्याला त्यावर मालकी सांगता येत नाही, आणि सोडूनही देता येत नाही. पत्राला असा राखणदार लागत नाही. ते फाडले, जपले, हरवले, तरी तो दोघांमधला मामला असतो.

आज टपालाची आणि चावडीची दोन्ही कामे एकच यंत्र करते, आणि ते खिशात मावते. म्हणून जुना प्रश्न मिटला असे अनेकांना वाटते. तो मिटलेला नाही, हे २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत करोनाच्या दुसऱ्या लाटेने दाखवून दिले. प्राणवायूचे नळकांडे कोठे मिळेल, कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे, रक्तद्रव कोण देऊ शकेल, याची विचारणा त्या दिवसांत दोन मार्गांनी चालली होती. एक मार्ग बंदिस्त गटांचा: कोणी तरी निरोप लिही, तो प्रत्येकाच्या हातातील यंत्रावर जाऊन पडे आणि तेथून दुसऱ्या गटांत धाडला जाई. दुसरा मार्ग उघड याद्यांचा: तरुण स्वयंसेवक मिळेल ती माहिती एके ठिकाणी मांडीत, दूरध्वनी करून पडताळीत, शिळी झालेली नोंद खोडीत.

पहिल्या मार्गात मायेची ऊब होती. निरोप ओळखीच्या माणसाकडून आलेला असे, आणि म्हणूनच वाचणारा उठून धावपळ करी. रात्री दोन वाजता अनोळखी रुग्णासाठी दहा दूरध्वनी करणारी माणसे या मार्गाने घडविली. पण घरोघर गेलेला निरोप परत बोलावता येत नाही. खाट भरून गेली, विक्रेत्याकडील साठा संपला, क्वचित रुग्णच दगावला, तरी ‘तातडीचे’ असा शेरा मिरवीत तो निरोप दिवसेंदिवस फिरत राहिला. शोकात बुडालेल्या घरात, नळकांडे मिळाले का, अशी चौकशी करणारे दूरध्वनी येत राहिले. चूक कोणाचीच नव्हती, प्रत्येकाने सद्बुद्धीनेच तो पुढे धाडला होता. पाठविण्याच्या क्रियेतच हा दोष आहे: सत्य बदलले तरी पाठविलेले बदलत नाही. मांडून ठेवलेल्या यादीवर एक रेघ ओढली की ती सर्वांसाठी एकाच क्षणी दुरुस्त होते, अर्थात रेघ ओढणारा जागा असला तर. एकनाथांनी तीन शतकांनंतर जे केले ते या मुलामुलींना तासातासाला करावे लागत होते.

परंतु उघड्यावर मांडण्याची किंमतही त्याच दिवसांत कळली. आईसाठी, पतीसाठी प्राणवायू मागताना ज्या स्त्रियांनी आपला क्रमांक सर्वांसमोर लिहिला त्यांच्यापैकी कित्येकींना साह्याऐवजी लंपट पुरुषांचे दूरध्वनी आणि संदेश आले, अशा तक्रारी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाल्या. चावडीवरून जाताना पदर का सावरावा लागे, हे ज्यांनी जुन्या कादंबऱ्यांतूनच वाचले होते त्यांना ते नव्याने समजले असेल.

मग उत्तर घरी पोचवावे की मांडून ठेवावे, या प्रश्नाचा निकाल कसा लावावयाचा? दोन्हींतील चांगले तेवढे घ्यावे, असे म्हणणे सोपे आहे. पण ते टाळणे झाले. खरी दिशा सापडते ती प्रश्न आणि उत्तर यांची फारकत केल्यावर. प्रश्नात विचारणाऱ्याचे आयुष्य असते. त्याची लाज, त्याचे घर, त्याची भीती असते, आणि ती त्याची स्वतःची आहे. उत्तरात मात्र बहुधा ज्ञान असते, आणि ते देणाऱ्याचेही नसते, कारण त्यालाही ते कोणाकडून तरी मिळालेले असते. तेव्हा प्रश्नाला पत्राचा आडोसा मिळावा आणि उत्तराला चावडीचा उजेड. ‘चांगदेव पासष्टी’चे नेमके असेच झाले आहे. पत्र कोरे होते, त्यात चांगदेवाचे म्हणून काहीच उघडे पडले नाही. उत्तर मात्र सातशे वर्षे लोकांच्या मुखी आहे.

या तत्त्वावर मराठीत कोणी निष्ठेने काम केले असेल तर ते रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. गणिताचा हा प्राध्यापक संततिनियमनाच्या प्रचारापायी नोकरीला मुकला आणि त्याने जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. कामविषयक अज्ञानाने पिचलेली माणसे, ज्यांना वैद्याला विचारण्याची चोरी आणि घरात विचारण्याची त्याहून अधिक, ती या मासिकाला लिहू लागली. कर्व्यांचे गद्य कोरडे आहे, त्यात सहानुभूतीचे शब्द शोधून सापडत नाहीत, आणि रसिक समीक्षेने त्याची उपेक्षा केली याचे आश्चर्य वाटावयास नको. पण त्या कोरडेपणातच एक सभ्यता आहे. कर्वे विचारणाऱ्याची कीव करीत नाहीत, त्याला उपदेश करीत नाहीत, त्याच्या दुःखाची कथा रंगवीत नाहीत. त्याने विचारलेल्या गोष्टीविषयी वैद्यकाला काय माहीत आहे तेवढे सांगतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. मासिक हाती घेणाऱ्या प्रत्येक तिसऱ्या माणसाला वाटावे, हे आपल्यालाच उद्देशून आहे. चावडीच्या उत्तराला पत्राचा पत्ता मिळतो तो असा.

या रीतीची कसोटी न्यायालयात लागली. वाचकांनी विचारलेल्या हस्तमैथुन व समलिंगी आकर्षण यांविषयीच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि १९३४ मध्ये मुंबईत तो चालला. बचावाचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, आणि मासिकाचा विषयच तो असताना वाचक प्रश्न विचारीत असतील तर त्यांना उत्तर का देऊ नये, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. ज्या समाजाने माणसांना चावडीपासून दूर उभे केले त्याचा आयुष्यभर जाब मागणारा माणूस, उत्तर चावडीवर देण्याच्या हक्कासाठी उभा राहिला, यातील संगती मराठी विचारविश्वाने अजून पुरती तपासलेली नाही. तीच उत्तरे बंद पाकिटातून एकेका घरी गेली असती तर खटला उभा राहण्याचे कारण नव्हते. कायद्याची हरकत ज्ञानाला नव्हती, ते न विचारणाऱ्यापर्यंत पोचण्याला होती.

खटला कर्वे हरले. दोनशे रुपये दंड झाला. मासिक मात्र बंद पडले नाही. ऑक्टोबर १९५३ मध्ये कर्व्यांचे निधन होईपर्यंत ते निघत राहिले.